बत्तीस सेकंद

१

रविवारच्या फुटबॉल सामन्यात माकडाचा आवाज तीन वेळा आला. तिन्ही वेळा तो जुन्या स्टँडमधून आला, आणि तो कोणासाठी होता हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही. संघात काळा खेळाडू एकच होता. दूरच्या देशातून या मोसमात आलेला, डाव्या कडेने पळणारा, सतरा नंबरची जर्सी घालणारा. त्याला सगळे सतराच म्हणत. तिसऱ्या आवाजानंतर पंचांनी खेळ थांबवला, स्टँडकडे बघितलं आणि थोड्या वेळाने पुन्हा शिटी वाजवली. सामना आपण जिंकला, पण सतरा टाळ्या घ्यायला न थांबता आत निघून गेला.

सोमवारी सकाळी क्लबच्या सचिवांनी आकडेबाईंना बोलावून घेतलं. टेबलावर सामन्याचा अहवाल तयार होता आणि त्यावर त्यांचं पेन आडवं ठेवलेलं होतं.

"बाई, खाली तेवढी सही करा. शुक्रवारी वर पाठवायचाय."

आकडेबाईंना क्लबात सव्वीस वर्षं झाली होती. मैदानाच्या कडेला उंचावर पत्र्याची एक खोली आहे, तिच्यात दुर्बीण, वही आणि एक जुनं स्टॉपवॉच घेऊन त्या बसत. कोणत्या खेळाडूच्या पायाला चेंडू कितव्या मिनिटाला, कितव्या सेकंदाला लागला, हे त्या हाताने लिहीत. मध्यंतरी त्यांच्या शेजारी संगणक आणून बसवला होता. तो वर्षातून दोनदा चुकला, तेव्हापासून बाई त्याच्यावर पदर झटकल्यासारखी एक नजर टाकत आणि आपलं काम करत. काम त्यांना मनापासून आवडायचं. गुडघे सोडले तर आयुष्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती.

त्यांनी चष्मा लावला आणि अहवाल शेवटपर्यंत वाचला.

"यात लिहिलंय, आवाज भोंग्याने काढला." जुन्या स्टँडमध्ये बसून दर सामन्याला सगळ्यात मोठ्याने ओरडणाऱ्या एका प्रेक्षकाला सगळे भोंगा म्हणत.

"मग कोणी काढला? त्याचा आवाज अख्ख्या मैदानाला ठाऊक आहे. सुरक्षारक्षकाचंही तेच म्हणणं आहे. जन्मभर बंदी घालू, विषय संपला."

"रक्षकाने त्याला काढताना पाहिलं?"

"पाहिलं नाही. पण त्याच बाजूने आला."

"मी जे वहीत लिहून घेतलेलं नाही, त्याच्यावर सही करत नाही," बाई म्हणाल्या आणि पेन उचलून सचिवांच्या खिशाला लावून टाकलं.

दारात कोणीतरी खाकरलं. सतरा उभा होता, खांद्यावर बॅग. तो भाषा सावकाश बोलायचा, पण बरोबर बोलायचा.

"मी ऐकलं. त्या मोठ्या आवाजाच्या माणसाने केलं असेल तर त्याला काढा. पण माहीत नसताना काढलं, तर खरा माणूस तिथेच बसून राहील. मी दर सामन्याला त्याच्यासमोर पळायचं. ते मला जमणार नाही. रविवारपर्यंत कळलं नाही तर मी परत जातो."

सचिवांचा चेहरा उतरला. असा डावा पाय क्लबाला पंधरा वर्षांत मिळाला नव्हता.

"शुक्रवारपर्यंत मला द्या," बाई म्हणाल्या. मग सतराकडे वळून त्यांनी विचारलं, "आवाज आला तेव्हा तू काय करत होतास?"

"काहीच नाही. चेंडू माझ्याकडे नव्हता. तिन्ही वेळा नव्हता." त्याने खांद्यावरची बॅग सावरली. "चेंडू घेतल्यावर ओरडतात, ते मी आधीही ऐकलंय. हे वेगळं होतं. मला वाटलं, इथे मी नुसता उभा राहिलेलाही लोकांना चालत नाही."

आकडेबाईंना त्याला काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण त्या पडल्या नोंदीच्या बाई. त्यांनी वहीत लिहिलं: चेंडू नव्हता, तिन्ही वेळा.

२

जुन्या स्टँडवर कॅमेरा एकच होता आणि तो गेल्या मोसमापासून दाराकडे तोंड करून बसला होता. रेडिओवाल्यांनी मात्र रेषेजवळ एक माइक ठेवला होता. त्याचं तोंड तिसऱ्या रांगेकडे होतं, आणि त्यात तो आवाज तिन्ही वेळा अगदी जवळून आला होता. पहिल्या दोन रांगा नुकत्याच रंगवल्यामुळे बंद होत्या, आणि तिसऱ्या रांगेत माइकसमोर चारच खुर्च्या येत होत्या. चारही मोसमभराच्या तिकिटाच्या. म्हणजे माणसं चार आणि ती कोण, हेही पक्कं. इथपर्यंत गणित सोपं होतं.

दुपारी बाईंनी ध्वनिमुद्रण आणि आपली वही समोरासमोर मांडली. पहिला आवाज चौदा मिनिटं बेचाळीस सेकंदांवर होता. वहीत त्या क्षणी चेंडू होता पलीकडच्या गोलीच्या हातात. सतराच्या पायाला तो लागला होता चौदा मिनिटं दहा सेकंदांवर.

दुसरा आवाज सत्तावीस मिनिटं सदतीस सेकंदांवर. सतराचा स्पर्श सत्तावीस-पाचला.

तिसरा अडतीस-बावन्नला. स्पर्श अडतीस-वीसला.

बाईंनी तीन वेळा वजाबाकी केली. तिन्ही वेळा बत्तीस आले.

एखादा माणूस मनात आलं की ओरडतो, त्याला असा नेम नसतो. प्रत्येक वेळी बरोब्बर बत्तीस सेकंद म्हणजे एक तर ओरडणारा घड्याळ लावून ओरडत होता, किंवा आकडेबाईंचं घड्याळ चुकलं होतं. दुसरी शक्यता मनात येताच त्यांना घाम फुटला. घड्याळ चुकलं असेल तर सव्वीस वर्षांच्या वह्यांचं काय करायचं?

त्यांनी पुन्हा सुरुवातीपासून ऐकलं, या वेळी फक्त पंचांची शिटी. प्रत्येक शिटी वहीतल्या सेकंदावर हजर होती. भोंग्याची आरोळीही ऐकू आली, कारण ती न ऐकू येणं अशक्यच होतं. "अरे आंधळ्या, ढकलला ना त्याला" असं तो पंचांना म्हणाला होता सत्तावीस मिनिटं सहा सेकंदांवर. सतराला ढकललं होतं सत्तावीस-पाचला.

घड्याळ बरोबर होतं. आणि भोंगाही वेळेवर होता.

मग उशीर कोणाला होत होता?

३

मंगळवारी बाई चौघांना भेटून आल्या. चहाचे चार कप झाले.

भोंगा बसचालक होता. बस डेपोत, पुढच्या फेरीला दहा मिनिटं असताना, पायरीवर बसून बोलला. एरवी खिडकीची काच हलवणारा आवाज आज दबला होता.

"मी सगळ्यांवर ओरडतो, बाई. पंचावर, गोलीवर, आपल्या कप्तानावर. तुमच्यावरही ओरडलोय, त्या दिवशी फलकावर आकडा उशिरा लागला तेव्हा."

"ते मी लिहून ठेवलंय."

"पण सतरावर नाही ओरडत. चुकला तरी नाही. नवा आहे, परका आहे, त्याला वाईट वाटेल असं वाटायचं. आता लोक म्हणतात मीच. बायको सकाळपासून धड बोलत नाहीये."

दुसरी होती विणकामवाली आजी. ती सामन्याला येऊन मोजे विणते. भोंगा तिच्या उजवीला.

"ओरडला तर भोंगाच ओरडला असणार," ती म्हणाली. "त्याच्यापायी माझे किती टाके सुटतात."

"तुम्ही बघितलंत?"

"मी सुयांकडे बघते गं. आणि त्या पत्र्याखाली आवाज कुठूनही आला तरी डोक्यावरूनच आल्यासारखा वाटतो."

आजीच्या डावीला निवृत्त मास्तर. सतराच्या पाठिंब्यासाठी दोनशे सह्या त्यांनी एका दिवसात गोळा केल्या होत्या. बाईंनी प्रश्न विचारला की मास्तर मान वळवून उजवा कान पुढे करायचे.

"मला आवाज ऐकूच आला नाही, याचीच लाज वाटते," ते म्हणाले. "पंचांनी खेळ थांबवला तेव्हा आजींना विचारलं, काय झालं म्हणून. डावा कान पार गेलाय हो माझा. यंत्र घरीच लावतो, चारचौघात नको वाटतं."

मास्तरांच्या डावीला, रांगेच्या टोकाला, औषधवाले बसत. त्यांचं दुकान चौकात आहे. मऊ बोलणारे, म्हाताऱ्यांना घरपोच गोळ्या देणारे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. सतराचा घोटा सुजला होता तेव्हा मलम त्यांनीच पाठवलं होतं.

"फार वाईट झालं," ते कानातले इअरफोन काढून बाटल्या पुसत म्हणाले. "इतका गुणी खेळाडू. अडतिसाव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यात त्याने चेंडू कसा आत घेतला, पाहिलंत ना? बुटाची नाडी सुटलेली, लोंबतेय, आणि तरी पायाच्या बाहेरच्या बाजूने. डोळ्यांचं पारणं फिटलं."

"जागा छान आहे तुमची."

"वडिलांच्या वेळेपासूनची. मी ती कधी बदलली नाही."

बाई गुडघेदुखीची पट्टी घेऊन बाहेर पडल्या. चौघांपैकी खोटं बोलल्यासारखं कोणीच वाटलं नाही, आणि त्यांच्या हाती शुक्रवारसाठी एका पट्टीशिवाय काही नव्हतं.

४

घरी नवरा पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर होता. जिन्यावरून घसरला नसता तर रविवारी तोही स्टँडमध्येच असता. गेले तीन आठवडे तो सगळे सामने फोनवर बघत होता आणि रोज नव्याने चिडत होता.

बुधवारी संध्याकाळी दुसऱ्या कुठल्या दोन क्लबांचा सामना होता. बाई स्वयंपाकघरात कांदा चिरत होत्या. भिंतीपलीकडे शेजाऱ्याने आनंदाने टेबल बडवलं.

"झाला," नवरा आतून म्हणाला. "झाला गोल."

"कोणी मारला?"

"मला काय माहीत. माझ्या फोनवर अजून त्यांचा गोली बूट बांधतोय. याच्या टीव्हीवर आधी दिसतं, माझ्याकडे मागून येतं. माझा प्रत्येक गोल हा माणूस आधी खाऊन टाकतो."

बाईंची सुरी थांबली. त्या हात न पुसताच बाहेर आल्या. फोन हातात घेऊन उभ्या राहिल्या. बऱ्याच वेळाने पडद्यावर गोल झाला.

"अहो, हे किती मागून येतं?"

"अर्ध्या मिनिटाच्या आसपास. का गं? आणि रडतेस कशाला?"

"कांदा आहे," बाई म्हणाल्या. ते अर्धंच खरं होतं. "पण मैदानात बसलेला माणूस फोनवर सामना कशाला बघेल? समोर फुकट दिसतोय की."

नवऱ्याने उशी सरळ केली. "दिसत नसेल तर बघेल."

गुरुवारी सकाळी बाई जुन्या स्टँडमध्ये जाऊन चारही खुर्च्यांवर आळीपाळीने बसल्या. चौथ्या खुर्चीवरून उठल्या तेव्हा त्यांनी सचिवांना फोन लावला.

"उद्या चौघांना इथे बोलवा. सतरालाही. आणि त्याला म्हणावं, चेंडू घेऊन ये."

५

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं होतं. रिकाम्या स्टँडमध्ये चौघे आपापल्या खुर्चीवर बसले. भोंगा हाताची घडी घालून गप्प होता. आजीने विणकाम आणलं होतं. सचिव पुन्हापुन्हा घड्याळ बघत होते.

"सोपी परीक्षा आहे," आकडेबाई म्हणाल्या. "सतरा मैदानात आहे. तो काय करतोय ते फक्त सांगा."

"डाव्या कोपऱ्यात उभा आहे," भोंगा म्हणाला. "चेंडू गुडघ्यावर खेळवतोय."

"गुडघ्यावर," आजी म्हणाली. "आता डोक्यावर घेतला."

मास्तरांनी उजवा कान पुढे केला, प्रश्न पुन्हा ऐकला आणि तेच सांगितलं.

औषधवाले बोलले नाहीत. त्यांच्या खुर्चीच्या पुढ्यात, जरा डावीकडे, छताचा लोखंडी खांब होता. दर मोसमाआधी सचिव त्याला हौसेने हिरवा रंग देत. त्या खुर्चीवरून उजवा गोल स्वच्छ दिसत होता, मधलं वर्तुळ दिसत होतं, आणि जिथे डावी कड आणि कोपरा असायला हवा तिथे खांब होता.

"तुम्हाला काय दिसतंय?" बाईंनी विचारलं.

"मला... मी मान कलती केली की दिसतं."

"करा कलती."

त्यांनी केली. खूप कलली, जवळजवळ मास्तरांच्या मांडीवर. तरी दिसलं नाही.

"मी काल करून बघितलंय, नाही दिसत," बाई म्हणाल्या. "मग अडतिसाव्या मिनिटाला त्या कोपऱ्यातली सुटलेली नाडी तुम्हाला कशी दिसली? इतक्या लांबून मलाही दुर्बीण लागली होती."

"कोणी तरी सांगितलं असेल."

"कोणी नाही सांगितलं. फोनवर दिसली. या खुर्चीवरून अर्धाच सामना दिसतो, म्हणून उरलेला तुम्ही फोनवर बघता, कानात इअरफोन घालून. त्याला कोणाची हरकत नाही. पण फोनवरचं चित्र बत्तीस सेकंद मागून येतं. सतराने चेंडू घेतला की भोंगा त्याच सेकंदाला ओरडतो, कारण त्याला समोर दिसतं. तुम्हाला तो बत्तीस सेकंदांनी दिसायचा, आणि मग तो आवाज यायचा. तीनही वेळा बत्तीस. माझ्या वहीत आहे. एवढा नेमका उशीर डोळ्यांनी बघणाऱ्याला होत नाही."

"शेजारी मास्तर होते. त्यांना ऐकू नसतं आलं?"

"त्यांचा डावा कान गेलाय. ते तुम्ही जाणताच, त्यांच्या यंत्राच्या बॅटऱ्या तुमच्याच दुकानातून जातात."

मास्तर हळूच आपल्या खुर्चीत सरकले, औषधवाल्यांपासून लांब. आजीच्या सुया थांबल्या. औषधवाल्यांनी रुमाल काढला, कपाळ पुसलं, आणि आपल्याला ठाऊक असलेल्या त्याच मऊ आवाजात म्हणाले,

"मी हळूच म्हणालो होतो. आपल्यापुरतं. गंमत म्हणून."

"कानात इअरफोन होते तुमच्या," बाई म्हणाल्या. "आमच्या घरी एक आहेत, कान बंद करून हळू बोलतात ते रस्त्यापर्यंत जातं. तुम्हाला ते हळू वाटलं. मैदानाला नाही वाटलं."

सचिवांनी विचारलं, का केलंत म्हणून. औषधवाल्यांनी खूप विचार केला. त्यांना कारण सापडेना. सतराने त्यांचं काही बिघडवलं नव्हतं. उलट त्याच्या गोलांनी त्यांनाच आनंद झाला होता. "खांबाआड कोण बघतंय," एवढंच ते शेवटी म्हणाले, आणि आकडेबाईंना त्यांचा मनापासून राग आला. कारण असतं तर त्याच्याशी भांडता तरी आलं असतं.

सतरा चेंडू काखेत घेऊन पायऱ्या चढून आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. तो औषधवाल्यांच्या खुर्चीमागे वाकला आणि त्यांच्या खांद्यावरून, त्यांच्या नजरेने, मैदानाकडे बघितलं. हिरवा खांब.

"म्हणजे मी तुम्हाला दिसतच नव्हतो," तो म्हणाला.

औषधवाल्यांनी मान खाली घातली. मग ते उठले, क्षमा मागण्यासाठी तोंड उघडलं, पण सतराने हात वर केला.

"आज नको. लिहून पाठवा. मी वाचेन तेव्हा वाचेन." मग तो आकडेबाईंकडे वळला. "म्हणजे मी नुसता उभा होतो तेव्हा, तो आवाज..."

"तुझ्या उभं राहण्यावर नव्हता. अर्ध्या मिनिटापूर्वी तू एकाला चकवून चेंडू काढला होतास, त्याच्यावर होता. तिन्ही वेळा."

सतरा हसला. चांगल्या गोष्टीवर हसतात तसं नाही, पण हसला. आकडेबाईंनी अहवाल मागवला, भोंग्याचा उल्लेख खोडला, खरं काय ते सुवाच्य अक्षरात लिहिलं आणि खाली सही केली.

६

रविवारी स्टँड भरला होता. चौथी खुर्ची रिकामी होती आणि ती कायम रिकामीच राहील असं सचिवांनी जाहीर केलं होतं. आता तिथून अर्धाच सामना दिसतो म्हणून, की दुसऱ्या कारणासाठी, हे त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांनी यंत्र कानाला लावलं होतं, सगळ्यांना दिसेल असं. आजीच्या मांडीवर नवा मोजा होता, बराच लांब. सतराच्या पायाचं माप तिने सचिवांकडून काढून घेतलं होतं.

बाई वरच्या खोलीत वही उघडून बसल्या. गुडघ्याची पट्टी काढून टाकली होती. दुसऱ्या दुकानातून आणायची असं त्यांनी ठरवलं होतं.

पंधराव्या मिनिटाला सतरा डाव्या कडेने सुटला. दोघांना मागे टाकलं, समोर फक्त गोली. आणि त्याने चेंडू सरळ त्याच्या हातात मारला.

आठवडाभर सगळे त्याच्याशी काचेचं भांडं असल्यासारखे वागत होते. आता काय बोलावं, कसं बोलावं, कोणाला सुचेना.

"अरे सतरा," जुन्या स्टँडचा पत्रा थरथरला, "डोळे काय घरी ठेवून आलास? माझी बस त्याच्यापेक्षा सरळ जाते."

दोन-तीन माणसं दचकून भोंग्याकडे वळली. भोंग्याचाही चेहरा पडला. सवयीने तोंडातून गेलं होतं.

रेषेजवळ सतरा थांबला. त्याने स्टँडकडे बघितलं, तिसऱ्या रांगेकडे, तोंडावर हात ठेवून बसलेल्या त्या बसचालकाकडे. मग दोन्ही हातांनी मोठं स्टिअरिंग फिरवल्यासारखं केलं, मान हलवली, आणि हसत हसत मागे पळाला. अख्खा स्टँड हसला. विणकामवाल्या आजीचा टाका सुटला आणि ती काही बोलली नाही.

वर आकडेबाईंनी वहीत सतराचा स्पर्श लिहिला, पंधरा मिनिटं एकोणीस सेकंद. मग घड्याळ पाहून, गरज नसताना, समोरच्या रकान्यात भोंग्याची आरोळीही लिहिली. पंधरा-एकोणीस.